आक्का, तुमची खानावळ मी चालवणार नाही

आक्का, काल तुमचं तेरावं झालं. आज सकाळी बऱ्याच दिवसांनी घर मोकळं आहे, तेव्हा पुन्हा कुणी यायच्या आत तुमच्याशी बोलून घेते. मी फार थकले आहे. रडून नाही थकले, रडायला निवांतपणा लागतो आणि तो अजून मिळालेला नाही. थकले ते सांगून सांगून. दुखवट्याला येणारं प्रत्येक माणूस दारात चपला काढता काढता विचारतं, कसं झालं हो, आणि मला परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. दुपारची गिऱ्हाइकं उरकली, जरा पाठ टेकते म्हणाल्या, खानावळीतली चंद्रकला चहा घेऊन उठवायला गेली. इथपर्यंत आलं की समोरचं माणूस मान हलवतं, पाणी पितं आणि दुसरा प्रश्न विचारतं. आता खानावळ तुम्हीच बघणार ना?

हा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त दमवतो. सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलंय की थोरली जाऊ गेली, आता धाकटी उभी राहील. तुमच्या धाकट्या दिरांनीही, म्हणजे आमच्या ह्यांनीही, ठरवलंय. ते तोंडाने काही बोलत नाहीत, पण परवा मला विचारत होते की राजूरला खोली बघायची का, रोज जाफराबादहून जाणं-येणं तुला झेपायचं नाही. मी म्हटलं, आधी मला झोपू द्या.

आणि वैशाली. तुमची लेक तुमच्यावरच गेली आहे, घाई करत नाही आणि विषय सोडत नाही. रविवारी ती जर्मनीला परत जाईल. त्याआधी काकू, राजूरच्या गाळ्याचं काय ते तुम्ही सांगा, म्हणते. तुम्ही चालवणार असाल तर राहू दे, नसाल तर मालकाला परत करते, त्याच्याकडे मोबाइलच्या दुकानासाठी गिऱ्हाईक बसलेलंच आहे. उत्तर तिला द्यायचंय, पण भांडण तुमच्याशी होतं. म्हणून आधी तुम्हाला सांगते आहे.

हे सगळं त्या बेटानं केलं. ते बेट नसतं तर तुम्ही आपल्या गावच्या घरी शेरडांमागे फिरत राहिला असता आणि मी माझ्या निवृत्तीत दुपारची झोप काढत राहिले असते. वैशाली कधीची मागे लागली होती, आई, एकदा ये इकडे. तुमचं ठरलेलं उत्तर, तिकडं थंडी हाय, मी न्हाई येत. मग तिनं डोकं चालवलं. ग्रीस म्हणून देश आहे, त्याच्या समुद्रात नॅक्सोस नावाचं बेट आहे, तिथं आपल्यासारखं ऊन असतं, आपण तिथं भेटू. तुम्ही फोनवर दोनच गोष्टी विचारल्यात. तिथं शेरडं आहेत का, आणि धाकटी येणार का. शेरडं होती. मग मलाही यावं लागलं.

लोकांना सांगताना मी निळा समुद्र, पांढरी घरं असं सांगते, कारण त्यांना तेच ऐकायचं असतं. मला आठवतं ते वेगळंच. बोटीतून उतरल्या उतरल्या बंदराशेजारी एका टेकाडावर संगमरवराची भलीमोठी चौकट दिसली. नुसती चौकट, मागे देऊळ नाही, भिंती नाहीत. वैशाली म्हणाली, फार जुनी आहे, देऊळ बांधायला घेतलं आणि अर्धवट राहिलं. तुम्ही डोक्यावरचा पदर सावरून नीट पाहिलंत आणि म्हणालात, घरकुलाचा दुसरा हप्ता आला नसंल. वैशाली हसत हसत बंदरावरच बसली. मला त्या दिवशी वाटलं होतं, हा प्रवास बरा होणार.

बंदराच्या गावात पाण्याच्या कडेनं हॉटेलं. एका हॉटेलापुढे दोरीवर आठ-आठ पायांचे समुद्री प्राणी वाळत घातलेले. तुम्ही त्या दोरीकडे पाठ करून खुर्ची फिरवून बसलात आणि मी तुमच्या समोर आले. ते पहिलं रात्रीचं जेवण. तळलेले बटाटे आले, काकडी-टोमॅटोवर चीजची जाड वडी ठेवलेली आली, पाव आला, आणि तुम्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिलात. वैशाली म्हणाली, आई, गार होतंय. तुम्ही आजूबाजूच्या टेबलांवर नजर फिरवलीत आणि मलाच विचारलंत, सगळ्यांचं झालं का?

वैशालीला कळेना, सगळे म्हणजे कोण. मला कळलं. कारण माझाही हात उचलला नव्हता. आपल्या घरात आधी पुरुष, मग पोरं, मग सासूबाई, आणि सगळ्यांचं झालं की आपण दोघी, एका ताटात, चुलीकडे तोंड करून शेजारी शेजारी. त्या परक्या हॉटेलात गोरे लोक आरामात जेवत होते, कुणाचं अर्धं झालं होतं, कुणी नुसताच पेला धरून बसलं होतं, आणि आपण दोघी त्यांचं उरकायची वाट पाहत होतो. वैशालीनं शेवटी तुमच्या हातात पाव कोंबला. मग तुम्ही जेवलात आणि मी तुम्हाला जेवताना पाहिलं. तुम्ही उजव्याच बाजूनं चावता. डावीकडच्या दाढा कधीच्या पडलेल्या. इतकी वर्षं एका ताटात जेवले आणि मला माहीत नव्हतं, कारण मी कधी तुमच्या समोर बसलेच नव्हते. दाढा कधी पडल्या असं विचारलं तर म्हणालात, तू भोकरदनच्या शाळेवर होती तवा.

मी शाळेवर होते तेव्हा बऱ्याच गोष्टी झाल्या. माझा पोरगा तुमच्या मांडीवर वाढला. सकाळची पहिली एसटी पकडायला मी धावायचे आणि तुम्ही मागून डबा घेऊन फाट्यापर्यंत यायच्या. सासूबाई म्हणायच्या, ती काय लेकरू हाय का डबा द्यायला. तुम्ही ऐकल्यासारखं करायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या. माझी नोकरी मी केली असं सगळे म्हणतात. निरोपाच्या दिवशी शाळेनं नारळ आणि शाल मला दिली, तुम्ही मागे सतरंजीवर बसला होतात. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. आपल्यात असं बोलायची पद्धत नव्हती.

बेटावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आपण बसनं डोंगरातली गावं हिंडायला लागलो. हाल्की नावाच्या गावात झाडाखाली खुर्च्या टाकलेलं कॉफीचं दुकान होतं. तिथली कॉफी तुम्ही एक घोट घेऊन परत बशीत ओतलीत, तळाला गाळ राहतोय म्हणून. फिलोतीला रस्त्यावर शेरडं आडवी आली आणि बस थांबली, तर तुम्ही खिडकीतून त्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला मराठीत विचारलंत, किती दूध देऊन राह्यली रे? त्यानंही काहीतरी उत्तर दिलं. तुम्ही मला म्हणालात, कमीच सांगतोय. हॉटेलात उकडलेली पालेभाजी आली की तुमचा जीव जळायचा, फोडणी नाही, लसूण नाही, निस्तं लिंबू अन् तेल. पण बकऱ्याचं मटण बटाट्यात शिजवलेलं आलं तेव्हा तुम्ही पावानं ताट पुसून घेतलंत.

मग आपिरांथोस. उंचावरचं गाव, गल्ल्यांमध्येसुद्धा संगमरवराच्या फरशा, घसरायची भीती म्हणून आपण एकमेकींचा हात धरून चाललो. एका घरापुढे चार टेबलं टाकलेली. एका टेबलाशी काळ्या कपड्यातली म्हातारी शेंगांची पाटी घेऊन बसली होती, आपल्या घेवड्यासारख्या हिरव्या शेंगा. आत तिची सून रांधत होती. वैशालीनं जेवण सांगितलं. तुम्ही उठून त्या म्हातारीशेजारी जाऊन बसलात आणि शेंगा मोडायला लागलात. तिनं आधी पाहिलं, मग पाटी मधे सरकवली. तुम्ही तिला मराठीत सांगत होतात की दोरे नीट काढ, दोरे राह्यले तं गळ्यात अडकतात. ती तिच्या भाषेत काहीतरी सांगत होती. पाटी संपेपर्यंत तुमचं दोघींचं चाललं होतं.

जेवण झालं आणि बिल आलं, तेव्हा तुमचा चेहरा उतरला. हॉटेल आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही. जालन्यात, संभाजीनगरला तुम्ही हॉटेलात जेवला होतात. पण तुमच्या हिशोबी शेंगा मोडल्यावर ते घर झालं होतं. वैशालीनं कार्ड काढलं तर तुम्ही म्हणालात, "तिच्याबराबर कामाला बसले मी. मंग पैसे कशाचे?" मी तुम्हाला गप्प करत होते. वैशाली म्हणाली, आई, त्यांचा धंदा आहे. तुम्ही उठून उभ्या राहिलात.

तेवढ्यात म्हातारी आतून आली. हातात तीन छोट्या बश्या, त्यात पाकातलं कसलं तरी फळ, आपल्या मोरांब्यासारखं, आणि गार पाण्याचे पेले. सांगितलं नव्हतं, बिलातही नव्हतं. वैशालीनं पाकीट पुढे केलं तर म्हातारीनं तिचा हात बाजूला केला, जरा रागानंच. बशी तिनं स्वतः तुमच्या हातात दिली आणि तुम्ही खाईपर्यंत उभी राहिली. तुम्ही पुन्हा खाली बसलात. सगळं खाल्लंत, पाकसुद्धा.

परतीच्या बसमध्ये तुम्ही म्हणालात, तिनं रांधायचे पैसे घेतले, खाऊ घालायचे न्हाई घेतले. मी पेंगत होते. तुम्ही माझा दंड हलवलात.

"धाकटे, आपण दोघींनी राजूरला असं टाकू."

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते संपलेलं नाही. मी आधी सरळ कारण सांगितलं, आपल्यात भाकरी विकत नाहीत. तुम्हाला तर हे मी सांगायलाच नको होतं. सासरे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे तेव्हा जेवायच्या वेळेला पालापाशी जो येईल तो जेवून जायचा, मग घरच्यांना उरो न उरो. भाकरीचे पैसे घेतले असं कुणी म्हटलं तर त्यांनी ती भाकरी थुंकून टाकली असती. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "तू पोरांना शिकवलं त्याचा पगार घेतलाच ना? मंग ते बी न्हाई घ्यायचं होतं."

मग मी खरं कारण सांगितलं. आक्का, मी थकलेय. लग्न होऊन आले त्या दिवसापासून पहाटे उठून भाकरी, मग शाळा, मग परत भाकरी. आता कुठं सुटले. मला परातीचं तोंड बघायचं नाही. हे मी चढ्या आवाजात बोलले होते आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही, कारण ते खरं होतं. तुम्ही विषय बदललात, शेरडं विकायला काढलीत आणि एका चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या रस्त्यावर गाळा घेतलात. आम्हाला सगळ्यांना नंतर कळलं. दीर बोलले, पाहुणे बोलले, मी तर बोललेच. या वयात कुठं खर्च वाढवता. तुम्ही पाटी रंगवून घेतलीत.

चालली तुमची खानावळ, हे मी मान्य करते. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. देवाला आलेली माणसं देवाआधी तुमच्याकडे यायला लागली. आणि जेवण झालं की तुम्ही स्वतः उठून प्रत्येकाच्या हातावर गूळ आणि भाजलेले शेंगदाणे ठेवायच्या, आणि त्याचे पैसे कुणी द्यायला गेलं तर त्या बेटावरच्या म्हातारीसारखा हात बाजूला करायच्या. मी तीन-चार वेळा आले असेन. दर वेळी तुम्ही म्हणालात, बस, जेव. दर वेळी मी म्हणाले, जेवून आलेय, एसटी चुकेल. मला वाटायचं एकदा बसले की जेवण झाल्यावर पदर खोचून आत जावं लागेल, आणि एकदा आत गेले की मी मेलेच तिथं. म्हणून मी उभी राहायची, चहा प्यायची, निघायची. फाट्यावर एसटीची वाट पाहत अर्धा तास उभी राहायची, ते तुम्हाला दिसत असणार.

परवा वैशालीबरोबर गाळा बघायला गेले. सामान काय काय आहे, मालकाला काय परत करायचं ते पाहायला. चंद्रकला आली होती. तुमच्या हाताखाली भाकरी थापणारी ही बाई, नवरा ऊसतोडीला अंकुशनगरकडे जातो, ती राजूरलाच दोन पोरी घेऊन राहते. फार बोलत नाही. मी म्हटलं, बाकं चार, मोठी पातेली तीन, गॅसच्या शेगड्या दोन, आणि हे टेबल. भिंतीशी एक लहान टेबल होतं, समोरासमोर दोन खुर्च्यांचं. बाकी सगळी लांब बाकं आणि हे एकच असलं. मला वाटलं, गल्ल्याचं असेल. मी विचारलं, इथं कोण बसायचं?

चंद्रकला म्हणाली, कुणीच नाही. अंगारकीला माणसं ताट हातात घेऊन उभी असायची तरी आक्का ते टेबल देत नव्हत्या. एकदा एक साहेब माणूस बसला, त्यालाही उठवलं. मी विचारलं, का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हे मला कसं माहीत नाही.

"धाकटी येणार हाय म्हणायच्या. ती लई थकलेली हाय, तिला काईच काम सांगू नको. ती आली की निस्तं तिला समोर बसवून गरम वाढायचं, अन् मी तिच्यासंग जेवणार. तवर हे टेबल मोकळंच ठिवायचं."

वैशाली बाहेर जाऊन उभी राहिली. मी पातेली मोजत होते ती तशीच मोजत राहिले, कितीदा मोजली मला ठाऊक नाही.

आक्का, मला तुमचा राग आला. आजही आहे. तुम्ही शेरडांशी बोलायच्या, बसमधून परक्या म्हाताऱ्याशी बोलायच्या, त्या काळ्या कपड्यातल्या बाईला शेंगांचे दोरे मराठीतून समजावून सांगायच्या. आणि ही एक गोष्ट, जी फक्त मला सांगायची होती, ती तुम्ही मला सोडून चंद्रकलेला सांगितलीत. मी तुमच्याशी भाकऱ्या थापण्यावरून भांडत राहिले आणि तुम्ही मला थापायला सांगतच नव्हता. एका शब्दानं म्हणायचं होतं, बाई गं, कामाला नको, बसायला ये. पण तुम्ही तसं म्हणाला असता तर मी काय म्हणाले असते तेही मला माहीत आहे. नुसतं बसून काय करू, वेळ कुठाय, असंच म्हणाले असते. तुम्हाला ते माहीत होतं. म्हणून तुम्ही टेबल मोकळं ठेवून वाट पाहिलीत.

आपल्या घरात ज्या बाईला नुसतं बसता येतं तिला लोक आजारी समजतात. बेटावर आपण सहा-सात दिवस बसलो. खुर्चीवर, ऊन अंगावर घेत, कुणाचं झालं कुणाचं राहिलं हे न बघता. तुम्हाला तेवढंच राजूरला आणायचं होतं. मला वाटलं, तुम्हाला धंदा काढायचाय.

आता निर्णय ऐका. तुमची खानावळ मी चालवणार नाही. भाकरी थापणार नाही, गल्ल्यावर बसणार नाही, भाजी चिरणार नाही. हे मी तेव्हा म्हटलं होतं आणि आजही म्हणते, यात तुम्ही जिंकलात असं कुणी समजू नये. पण गाळा परत करायचा नाही, असं मी काल रात्री वैशालीला सांगितलं. चंद्रकला चालवेल. तिला येतं सगळं, ठेचा तर तुमच्यापेक्षा बरा करते, तुम्हाला राग आला तरी खरं ते खरं. मोबाइलवाल्याला दुसरीकडे जागा मिळेल.

तुमचे दीर म्हणाले, मग तू जाणार का तिकडे, आणि गेलीस तर काय करणार? मी म्हटलं, मंगळवारच्या एसटीनं जाईन. ते म्हणाले, पण काम काय आहे?

काम काही नाही, आक्का. मी थकलेय. बसायला जाणार आहे.